टेकडीवरचा राम आणि पायथ्याचं गाव

मैत्रिणींनो, रामटेक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? टेकडीवरचं देऊळ, न संपणाऱ्या पायऱ्या, आणि हातातली पिशवी कधी ओढतील याचा नेम नाही अशी ती वानरं! नागपूरला कुणाच्या लग्नामुंजीला जावं, मध्ये एक दिवस मोकळा सापडावा आणि घरातल्या कुणीतरी म्हणावं, "चला, रामटेक करून येऊ." सकाळी निघायचं, दर्शन घ्यायचं, झाडाखाली डबा उघडायचा आणि दिवेलागणीच्या आत परत. झालं रामटेक!

पण त्या टेकडीच्या पायथ्याशी एक गाव आहे, बरं का! तिथे माणसं राहतात, चुली पेटतात, मुली शाळेत जातात, सासुरवाशिणी माहेरी येतात. ही माणसं किती, ती कुठून आली, कशावर जगली आणि आता कशावर जगतात, याची चौकशी करायला यात्रेकरूंना सवड कुठली? म्हणून आज तुम्हांला मी टेकडीइतकंच त्या गावातही नेणार आहे. गाव लहान असलं तरी त्याची गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यात बायकांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून फार जास्त आहे.

आधी शिरगणती

इतिहास मागाहून. आधी घरातली माणसं मोजावीत, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज येतो!

रामटेक हे नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूरच्या ईशान्येला, पन्नास किलोमीटरच्या आत. १८६७ साली इथे नगरपालिका आली. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती पावणेनऊ हजारांच्या आसपास होती. शंभर वर्षांनी, २००१ साली, ती साडेबावीस हजार भरली. आणि २०११ साली? जवळजवळ तेवढीच! दहा वर्षांत गाव वाढलंच नाही म्हणा ना. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती लांबली, त्यामुळे हाती असलेला शेवटचा पक्का आकडा तोच.

आता शेजारच्या नागपूरकडे पाहा. १९०१ साली सव्वा लाखाचं असलेलं ते शहर २००१ साली वीस लाखांच्या वर गेलं. म्हणजे सोळापट! रामटेक मात्र अडीचपटीच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. असं का व्हावं? गावात पाणी आहे, तलाव आहेत, भाताची शेती आहे, देव तर साक्षात दारात आहे. मग माणसं जातात कुठे? हा प्रश्न मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

नावाची गंमत

गावाच्या नावाचे अर्थ विचाराल तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कुणी म्हणतं, वनवासात राम इथे टेकला, विसावला, म्हणून रामटेक. कुणी म्हणतं, ऋषींना त्रास देणाऱ्या राक्षसांचा नाश करीन अशी टेक, म्हणजे प्रतिज्ञा, त्याने इथे केली. अगस्त्य ऋषींचा आश्रम इथलाच, असंही सांगतात. आणि साधा अर्थ पाहिला तर रामाची टेकडी ती रामटेक.

या टेकडीला सिंदूरगिरी असंही नाव आहे. इथला दगड तांबूस. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं तेव्हा त्याच्या रक्ताने डोंगर रंगला, अशी कथा. गोष्ट खरी की खोटी ते बाजूला ठेवू. पण टेकडीवर नरसिंहाची दोन फार जुनी देवळं आहेत आणि ती रामाच्या आताच्या मंदिराहून शेकडो वर्षांनी थोर आहेत, एवढं मात्र खरं. आपण धापा टाकत रामाकडे पोचतो आणि वाटेवरचे हे दोन नरसिंह पाहायचे राहून जातात. शेजारच्या खोल्यांसारखी दिसणारी साधी दगडी देवळं, आत बसलेला धिप्पाड नरसिंह. एकाला केवल नरसिंह म्हणतात, दुसऱ्याला रुद्र नरसिंह. यातल्या पहिल्याकडे मी तुम्हांला मुद्दाम नेणार आहे, कारण तिथे एका लेकीने आपल्या आईची आठवण ठेवली आहे.

राज्य चालवणारी एक आई

सोळाशे वर्षांपूर्वी या भागावर वाकाटक राजे राज्य करीत. त्यांची राजधानी नंदिवर्धन. रामटेकहून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर नगरधन नावाचं खेडं आहे, तेच हे नंदिवर्धन असं अभ्यासक मानतात. उत्तरेत त्या वेळी गुप्तांचं मोठं साम्राज्य होतं. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली. नवरा दुसरा रुद्रसेन. आणि चौथं शतक संपता संपता तो गेला. पदरी लहान मुलगे.

अशा वेळी काय होतं, ते आपण पुष्कळ घरांत पाहतो. दीर येतात, भाऊबंद येतात, 'तुम्ही कशाला त्रास घेता' म्हणणारे येतात. प्रभावतीने तो त्रास स्वतः घेतला. थोरल्या मुलाच्या, युवराज दिवाकरसेनाच्या, नावाने तिने राज्यकारभार हाती घेतला. तिने दिलेल्या दानाचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे आणि त्यावर तेरावं वर्ष घातलेलं आहे. म्हणजे निदान तेरा वर्षं ती हे ओझं वाहत होती!

आणखी एक गंमत सांगू? राजाच्या ताम्रपटात आधी आपल्या घराण्याची वंशावळ द्यायची पद्धत असे. प्रभावतीच्या ताम्रपटांत वंशावळ येते ती तिच्या माहेरची, गुप्तांची. नवऱ्याकडच्या पूर्वजांची नव्हे. गोत्रसुद्धा तिने धारण हेच सांगितलं आहे, वडिलांकडचं! आज लग्नानंतर कुणी माहेरचं आडनाव ठेवलं तर चार लोकांच्या भुवया वर जातात. सोळाशे वर्षांपूर्वी या बाईने ते तांब्यावर कोरून ठेवलं. अर्थात माहेर सम्राटाचं होतं, हेही खरंच.

दिवाकरसेन राजा झाल्याचा पुरावा मिळत नाही. त्याच्यामागून दुसरा मुलगा प्रवरसेन गादीवर आला. त्याच्या एकोणिसाव्या वर्षीही आई दान देते आहे आणि तो ताम्रपट ती 'रामगिरीच्या स्वामी'च्या पायाशी बसून देते आहे. रामगिरी म्हणजे आपली हीच टेकडी. हा ताम्रपट सापडला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. ते नाव लक्षात ठेवा.

तर लेकीची गोष्ट. केवल नरसिंहाच्या मंदिरातल्या भिंतीवर चुन्याचे थरावर थर चढलेले होते. १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते काढले तेव्हा खाली कोरलेला लेख दिसला. पुष्कळ अक्षरं झिजली आहेत, काही तर कायमची गेली आहेत. पण जे वाचता आलं त्यावरून अभ्यासक सांगतात की, वाकाटकांच्या घरातल्या एका राजकन्येने, प्रभावतीच्या मुलीने, आईच्या पुण्यासाठी इथे देऊळ बांधवलं आणि देवाला आईचंच नाव दिलं, प्रभावतीस्वामी. बापाच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने देवळं पुष्कळ सापडतील. आईच्या नावाने लेकीने बांधलेलं देऊळ किती सापडेल, सांगा बघू!

आणि ही सगळी फक्त दगडातांब्यावरची कथा राहिलेली नाही. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी उत्खनन केलं. त्यात मातीची एक छोटी मुद्रा सापडली, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. तिच्यावर शंखाचं चिन्ह आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्ताचं नाव! पत्रावर, गाठोड्यावर मारायचं तिचं स्वतःचं शिक्कामोर्तब. नगरधनच्या मातीत ती दीड हजार वर्षं पडून होती.

या बाईचा मुलगा प्रवरसेन नुसता राजा नव्हता, कवीही होता. 'सेतुबंध' हे त्याचं काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची आजी म्हणा ना. आणि कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर बायकोच्या आठवणीने झुरत बसला तो रामगिरी म्हणजे रामटेकच, असं थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडलं. कुणी दुसऱ्या टेकड्यांचीही नावं घेतात. पण आषाढाच्या सुरुवातीला टेकडीवर उभं राहून ढग येताना पाहिले की, मिराशींशी वाद घालायची इच्छा होत नाही! टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे. १९९७ साली त्याच्याच नावाचं संस्कृत विश्वविद्यालय सरकारने रामटेकला काढलं.

आले, राहिले, गावाचे झाले

वाकाटक गेले. पुढे देवगिरीच्या यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, राम-लक्ष्मणाची देवळं नांदती झाली. लक्ष्मणाच्या देवळात त्या काळचा मोठा शिलालेख आहे. इथल्या तीर्थांची त्यात नावं आहेत. त्याच सुमाराला गुजरातेतला एक राजपुत्र 'रामटेकच्या यात्रेला जातो' असं घरी सांगून निघाला आणि परत राजवाड्यात गेलाच नाही. वाटेत रिद्धपूरला त्याला गुरू भेटले. हेच महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी. ज्या पंथाने मराठीला पहिलं मोठं गद्य दिलं, त्याची गोष्ट रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने सुरू झाली म्हणायची! महानुभावांना रामटेक आजही पवित्र आहे. त्यांचं भोगरामाचं स्थान इथे आहे.

नंतर हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे होता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आले. पहिल्या रघूजींनी रामटेकच्या देवळांचा जीर्णोद्धार केला, यात्रेला मान दिला. आज आपण चढताना वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा अशी एकामागून एक दारं ओलांडतो. टेकडीला हे असं गडाचं रूप आहे, म्हणून गावातले लोक 'देवळात चाललो' असं न म्हणता 'गडावर चाललो' म्हणतात. वराहाची एक प्रचंड मूर्तीही वर आहे. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार जाईल तो निष्पाप, अशी समजूत. पाप-पुण्याचं राहू द्या, आमच्या वयाच्या बायकांनी आधी कमरेचा विचार करावा!

देवळाबरोबर गावात माणसं येत गेली. पूजाअर्चेसाठी ब्राह्मण आले, व्यापारासाठी जैन आले. जैनांचं शांतिनाथाचं मंदिर गावात आहे. आतली मूर्ती उभी, पुरुषभर नव्हे तर दोन पुरुष उंचीची. आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास इथे झाले तेव्हा देशभरातून भाविक लोटले होते. देवलापारकडच्या जंगलपट्टीत गोंड होतेच. ते तर सगळ्यांच्या आधीचे. तलावात जाळी टाकणारे आणि शिंगाडे लावणारे ढिवर, शेती करणारे कुणबी, तेली, माळी, कापड विणणारे कोष्टी, मुसलमान कारागीर, आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर बुद्धाच्या मार्गाने गेलेली शेकडो घरं. बोली ऐकाल तर मराठीच, पण मध्येच हिंदीचा हेल. मध्य प्रदेश हाकेवर आहे ना!

विसाव्या शतकाच्या तोंडाशी आणखी एक पाहुणा आला, मँगनीज. मनसर, कांद्री या बाजूला काळ्या जड खनिजाच्या खाणी निघाल्या. मजुरीसाठी दूरदूरची कुटुंबं आली. फोडलेल्या ढिगातून चांगला दगड हातांनी वेचून काढायचं काम बायकांचं. घाटाघाटांनी पोलाद जगभर गेलं, त्यामागे या वेचणाऱ्या बोटांचाही हिस्सा होता. पुढे त्या खाणी 'मॉयल' या सरकारी कंपनीकडे आल्या. मनसरचं नाव नंतर खणण्याच्या दुसऱ्या कामासाठी गाजलं. १९९७-९८ पासून तिथल्या टेकाडांचं उत्खनन झालं आणि वाकाटक काळातली मोठमोठी बांधकामं उजेडात आली.

करंगळीचं पान

पण रामटेकची खरी ओळख, विदर्भातल्या जुन्या माणसांना विचारा, ती म्हणजे पान! इथलं कपुरी पान. फिकट हिरवं, कोवळं, तिखटपणा बेताचा, तोंडात विरघळणारं. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटियरमध्येही या गावाचा मुख्य धंदा म्हणून पानवेलींचीच नोंद आहे. पाटीच्या पाटी बाहेरगावी रवाना व्हायची.

हा धंदा बारई समाजाचा. पानमळा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बांबू, गवत यांचा मांडव घालून बाजू बंद करायच्या, आत उन्हाचे कवडसे तेवढे यावेत. वेल अतिशय नाजूक. कडक ऊन सोसत नाही, कोरडा वारा सोसत नाही, पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, कमी झालं की पानं मलूल. तान्ह्या मुलासारखं दिवसातून दहादा पाहावं लागतं. वेल वाढली की आधाराला बांधायची, फार उंच गेली की खाली उतरवून पुन्हा मातीत दाबायची. पानं खुडणं, निवडणं, चवडी लावणं, ओल्या फडक्यात बांधणं, हे सगळं घरच्या बायकाच करतात. मळ्यात जाताना चप्पल बाहेर काढायची. वेल म्हणजे देवी!

बारयांची जुनी कथा फार गोड आहे. पांडवांनी यज्ञ केला. सगळी सिद्धता झाली, पण विड्याला पान नव्हतं. ते आणायला दूत पाताळात गेला. नागांच्या राणीने आपल्या करंगळीचं पेर कापून त्याच्या हाती दिलं. ते जमिनीत पेरलं आणि त्यातून वेल उगवली, तीच नागवेल. म्हणून नागपंचमी हा बारयांचा मोठा सण. आपण हळदीकुंकवाला सहज पान-सुपारी पुढे करतो, त्या पानात एका बाईच्या करंगळीचं पेर आहे, असं ही मंडळी मानतात!

हा मळा आता किती उरला? फार थोडा. खर्च वाढला, बांबू-गवत महागलं, वेलीवर रोग आले, एका रात्रीच्या गारांनी वर्षाची कमाई जाते. त्यात पुड्यांमधल्या तंबाखू-सुपारीने विडा मागे टाकला. पोरं म्हणतात, "दिवसभर मळ्यात वाकून राहण्यापेक्षा नागपूरला नोकरी बरी." त्यांचं चुकतं असं कुणी म्हणावं?

मग माणसं जातात कुठे?

तर आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे. गाव वाढत का नाही?

एक, पानमळ्यासारखे धंदे हातांना पुरेनासे झाले. दोन, नागपूर जवळ आलं. पूर्वी यात्रेला बैलगाडीने निघालं की मुक्काम व्हायचा; आता चौपदरी रस्त्याने तासा-सव्वातासाचं काम. जवळ आलेलं शहर गावाला देतं तसं गावातून घेतंही. सकाळच्या गाडीने जाणारा मुलगा आधी रोज परततो, मग शनिवारी परततो, मग सणाला. तीन, शिकलेल्या मुली लग्न होऊन शहरात जातात. १९८५ साली इथे इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं, नंतर विश्वविद्यालय आलं. शिकण्यापुरती बाहेरची मुलं इथे येतात, पण शिकून झाल्यावर आपली आणि परकी दोन्ही निघून जातात. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ साली रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे पंतप्रधान झाले. गावाचं नाव दिल्लीत गाजलं; पण नाव गाजल्याने रोजगार निघतोच असं नाही.

हे दुखणं एकट्या रामटेकचं नाही. आपल्या कोकणातली कुलपं लागलेली घरं तुम्हांला ठाऊक आहेत. तिकडे अमेरिकेच्या मधल्या गवताळ मुलखातसुद्धा शेतीची यंत्रं मोठी झाली आणि गावं लहान होत गेली. कुठे शाळा बंद पडली, कुठे नुसती पाटी उरली. रामटेकची तशी गत नाही. इथे देव आहे, बाजार आहे, तहसील कचेरी आहे, पेंचच्या कालव्याचं पाणी आणि भाताची खाचरं आहेत. पण यात्रेकरू येतो तो टेकडीवर जातो आणि टेकडीवरूनच परत फिरतो. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची, फुलं तेवढी इथली. लाखो लोकांच्या पायांची धूळ गावाला मिळते आणि पैसा जातो दुसरीकडे. इथे आपल्याला थोडं काही करता येण्यासारखं आहे. कसं, ते सांगते.

जायचं तर असं जा

शक्य तर एक मुक्काम करा. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर असा रस्ता. मनसरला मोठा रस्ता सोडून रामटेककडे वळायचं. एस.टी. आहे. इतवारी स्टेशनातून रेल्वेचा फाटाही रामटेकपर्यंत जातो. ते शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही! गाड्या थोड्या, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर गडावर जा. गुडघे धड असतील तर अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी चढा. सासूबाई बरोबर असतील तर मोटारीचा रस्ता वरपर्यंत आहे. पिशवीत केळी, फुटाणे दिसतील असे ठेवू नका, चष्मा सांभाळा. वानरांशी हुज्जत घालू नये, ती गडाची जुनी भाडेकरू आहेत. केवल नरसिंहापाशी दोन मिनिटं थांबा आणि मुलींना प्रभावतीची गोष्ट सांगा.

उतरून अंबाळा तलावावर या. काठाने घाट आणि लहान-मोठी देवळं. अंबा नावाच्या राजाचं कोड इथल्या पाण्याने गेलं, अशी आख्यायिका. पूर्व विदर्भातली कितीतरी कुटुंबं आपल्या माणसांच्या अस्थी इथेच आणतात. त्यामुळे एखाद्या घाटावर सहलीची मुलं हसत असतात आणि शेजारच्या घाटावर कुणी डोळे पुसत असतं. मुलांना तेवढं समजावून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी खिंडसीचा तलाव, गावाबाहेरची कर्पूर बावली, आणि नगरधनचा किल्ला. आताचा किल्ला भोसल्यांच्या काळातला. आत जमिनीखाली देवीचं स्थान आहे. जंगलाची हौस असेल तर पेंचचं व्याघ्र-अभयारण्य जवळच आहे, मात्र त्याचा वेगळा दिवस काढा.

कार्तिकात गेलात तर सोन्याहून पिवळं. वैकुंठ चतुर्दशीला देखाव्यांची शोभायात्रा निघते आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री गडावर त्रिपूर पेटतो. खालून हजारो माणसं वर बघत उभी असतात. जत्रेत शिंगाडे ताजे असतात. उकडून खा, आणि थोडे वाळवून पीठ केलंत तर उपासाला वर्षभर पुरेल. थंडी असते, मुलांचे स्वेटर विसरू नका.

आणि आता ते करता येण्यासारखं काम. परतताना एक वेळचं जेवण गावातच घ्या. भात इथला असतो, चवीने जेवाल. बाजारात चक्कर मारा आणि कपुरी पानांची एक चवड घ्या. घरी नेल्यावर ती ओल्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, टोपलीत, हवेशीर जागी ठेवावी. रोज सकाळी फडकं ओलं करायचं आणि डागी पान दिसलं की लगेच बाजूला काढायचं, नाहीतर एकामुळे सगळी नासतात. आठवडाभर पानं छान राहतात. फ्रिजमध्ये अगदी गार कप्प्यात ठेवू नका, काळी पडतात.

पान घेताना विकणाऱ्या बाईला विचारा, "मळा तुमचाच का?" 'हो' म्हणाली तर दोन मिनिटं बोला तिच्याशी. तिची मुलं कुठे असतात, पुढे मळा कोण बघणार, ते ती सांगेल. रामटेकच्या लोकसंख्येचा आकडा आपण वर पाहिलाच. तो आकडा ज्यांचा आहे त्यांच्यापैकी एकीची अशी ओळख झाली, तर पुढच्या खेपेला तुम्ही गडावर जाण्याआधी तिच्याकडेच थांबाल.